कमल पास, विमल नापास

गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण विमल माझ्याकडे राहायला आली होती. तिचे यजमान गेल्याला दीड वर्ष झालं. त्यांच्या फंडाचे आणि इकडचे तिकडचे मिळून पाच लाख रुपये बचत खात्यात नुसतेच पडून होते. म्हणाली, "ताई, हे कुठेतरी मुदत ठेवीत टाकू या. फॉर्म म्हणे घरबसल्या भरता येतो. तुला कळतं ना कॉम्प्युटरमधलं?" मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी आमच्या माहेरी एक समजूत आहे, कारण २००७ साली निवृत्त झाल्यावर मी मराठी टायपिंग शिकले आणि हे असलं काहीबाही लिहायला लागले. आता ही समजूत मोडायला मी कशाला जाऊ? चहाचे कप घेऊन आम्ही दोघी बसलो. दोघींचं मिळून वय १४६.

संस्थेचं नाव सांगत नाही. चांगली आहे, फॉर्मसुद्धा मराठीत होता, आणि त्याचंच आम्हाला कोण कौतुक! पहिलाच रकाना 'नाव'. बहिणीने हौसेने मराठीत 'विमल' असं लिहिलं. लगेच खाली तांबड्या अक्षरात उमटलं : "नावात फक्त अक्षरे चालतील."

आम्ही चष्मे पुसले. वि, म, ल. यात अक्षर नाही असं काय आहे? पुन्हा लिहिलं. पुन्हा तांबडं. मी ३६ वर्षं मराठी शिकवलं हो, पण 'विमल' या शब्दात अक्षरं नाहीत हे मला पहिल्यांदाच कळलं.

शेवटी पुण्याला नातवाला फोन लावला. तो असलेच फॉर्म तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. त्याने ऐकून घेतलं, जरा थांबला आणि म्हणाला, "आजी, गंमत म्हणून तिथे 'कमल' लिही बरं." लिहिलं. हिरवी बरोबरची खूण! "आता 'शरद' लिही." हिरवी खूण. "आता 'वसंत'." तांबडं! पलीकडे हा पोरगा खो खो हसतोय आणि इकडे आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय.

मग त्याने जे सांगितलं ते मराठीच्या शिक्षकांनी तरी मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तिच्यात प्रत्येक चिन्हाचा एक वर्ग ठरवलेला असतो. आपला क, म, ल, अ, आ ही 'अक्षरं'. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षर करणारं हलन्त चिन्ह हे 'अक्षर' नाहीत, त्यांचा वर्ग निराळा, 'जोडचिन्हं' म्हणा हवं तर. फॉर्म करणाऱ्याने नियम लिहिला की 'फक्त अक्षर-वर्गातलीच चिन्हं घ्या'. इंग्रजीत तपासून पाहिलं, चाललं. मराठीत कुणीतरी 'कमल' लिहून पाहिलं असेल, तेही चाललं! म्हणजे बाराखडीतला फक्त 'क' पास, आणि 'का'पासून पुढे सगळे नापास. दोन्ही वर्ग चालतील एवढं त्या नियमात लिहिलं असतं तर काम झालं असतं. एका ओळीतल्या त्या कसुरीने काना-मात्रा-वेलांटी असलेला अख्खा महाराष्ट्र त्या दाराबाहेर उभा!

शेवटी विमलने नाव इंग्रजीत लिहिलं. मराठी फॉर्मवर. तिला काही वाटलं नाही, मला वाटलं.

नावांच्या बाबतीत हे कोडं जुनंच आहे म्हणे. पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या एका प्रोग्रामरने २०१० साली लेखच लिहिला होता, नावांबद्दल प्रोग्रामर मंडळी काय काय चुकीचं धरून चालतात याचा. मला तर वाटतं नावाच्या रकान्यात तपासायचं असतंच काय? रिकामा नाही ना, एवढं बघा आणि पुढे व्हा. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना एखादं नाव चमत्कारिक वाटलं, तर बाईने त्या मुलाला विचारायचं असतं, 'असं नाव नसतंच' म्हणून वर्गाबाहेर काढायचं नसतं.

पुढचा रकाना रकमेचा. तिने लिहिलं ५,००,०००. उत्तर आलं, "कृपया वैध माहिती भरा." हे 'वैध' वाचलं की मला गुन्हा केल्यासारखंच वाटतं. काय चुकलं ते तर सांगा! पुन्हा फोन. चुका दोन होत्या. एक, स्वल्पविराम. दुसरी, आकडे देवनागरी. ब्राउझरमध्ये जी जावास्क्रिप्ट भाषा चालते, तिच्या लेखी अंक म्हणजे फक्त इंग्रजी दहा अंक. इंग्रजी पाचाचा क्रमांक ५३ आणि आपल्या पाचाचा २४११, तेव्हा यंत्राला ती दोन वेगळीच चिन्हं दिसतात. आता यात गंमत अशी की पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेला देवनागरी अंक दिले तर ती मुकाट्याने त्यांची संख्या करून देते. म्हणजे यंत्राला कळत नाही असं नाही, समोरच्या माणसाने कळवून घेतलं नाही. स्वल्पविराम काढून टाकणं आणि २४११ चा ५३ करणं ही फॉर्म करणाऱ्याची दोन-चार ओळींची कामं आहेत. ती त्याने करायची, सत्तर वर्षांच्या बाईने नव्हे.

यावर नातू जरा तावातावाने म्हणाला, "आजी, कडक तपासणी ठेवली नाही तर लोक काय वाट्टेल ते भरतात. मग तो कचरा आम्हालाच उपसावा लागतो." हे मला मान्य आहे. आणि चांगली तपासणी कशी असते तेही त्यानेच दाखवलं. आपल्या आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. व्हरहोफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली ही रीत मांडली. एखादा आकडा चुकीचा पडला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की शेवटचा आकडा जुळत नाही आणि चूक जागच्या जागी सापडते. विमलने मुद्दाम दोन आकडे फिरवून पाहिले. लगेच निरोप आला : "आधार क्रमांकात चूक दिसते, पुन्हा तपासून पाहा." याला म्हणतात तपासणं! माणसाच्या हातून घडणारी नेमकी चूक ओळखायची, कुठे आहे ते सांगायचं, आणि आवाज चढवायचा नाही.

मी काही फार आदर्श शिक्षिका नव्हते. सुरुवातीची कितीतरी वर्षं निबंधाच्या वह्यांवर मी तांबड्या शाईने नुसती एक मोठी फुली मारायची. एकदा आठवीतल्या एका मुलीने वही पुढे करून विचारलं, "बाई, यात काय चुकलं?" मी पाहिलं, आणि मलाही पटकन सांगता येईना. तेव्हापासून फुली बंद केली, शब्दाखाली रेघ आणि समासात कारण. त्या "वैध माहिती भरा"ला बघून मला माझीच फुली आठवली, म्हणून इतकं लागलं असेल.

ईमेलच्या रकान्यात तर पहिलं अक्षर टाकताच तांबडं झालं. अहो, एक अक्षर म्हणजे पूर्ण पत्ता नाहीच, पण मला लिहू तर द्या! मूल पाटीवर 'ग' काढायला लागलंय आणि दंड काढायच्या आधीच 'चूक' म्हणून ओरडणारा मास्तर. रकान्यातून बाहेर पडेपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

आता जन्मतारीख. दिनदर्शिका उघडली ती आजच्या महिन्यावर. एकेक महिना मागे जायचं म्हटलं तर सत्तर गुणिले बारा, ८४० वेळा बोट दाबायचं. आम्ही तीस-चाळीस वेळा दाबल्यावर, वरच्या वर्षावर टिचकी मारता येते हा शोध विमललाच लागला. तिने घातलं १ जून १९५५. आणि त्या फॉर्मने, ज्याने तिचं खरं नाव नाकारलं, खरी रक्कम नाकारली, त्याने ही तारीख क्षणात हिरवी केली.

आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की विमल कोजागिरीच्या पहाटेची. आईला तिथी पाठ होती, तारीख कुणी लिहिली नव्हती. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, वडिलांना सांगता येईना, गुरुजींनी १ जून लिहिलं. जूनमध्ये शाळा सुरू होणार, वय तर भरलं पाहिजे! महाराष्ट्रातल्या घराघरांत असे १ जूनवाले आहेत. ज्यांचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, ते सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात, म्हणून दर वर्षी ३१ मेला कचेऱ्या-कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते. सांगायचं म्हणजे नोकरीची पहिली चार वर्षं मी एका खेड्यात प्राथमिक शाळेला होते, आणि जनरल रजिस्टरात माझ्या अक्षरातही बरेच १ जून आहेत. आई पदराआडून सांगायची, "पोळ्याच्या आसपासचा हाय." मी मान हलवायची आणि १ जून लिहायची. चौकोनात काहीतरी भरायला हवं होतं. माझंही त्या वेळी हिरवी खूण मिळण्यावरच भागत होतं.

ब्राउझर फक्त रूप तपासतो. दिवस ३१ च्या आत, महिना १२ च्या आत, वर्ष मागचं. खोटी तारीखही रूपाने निर्दोष असते. नातू म्हणतो की म्हणून तपासणीच्या दोन जागा असतात. एक ब्राउझरमध्ये, भरणाऱ्याच्या सोयीसाठी. दुसरी पलीकडे सर्व्हरवर, आणि खरी तीच, कारण ब्राउझरमधलं सगळं भरणाऱ्याच्या हातात असतं, खटपट्या माणूस तिथला नियम काढूनही टाकू शकतो. मला हे लगेच पटलं. मी दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासले आहेत. विद्यार्थी पेपर देण्याआधी स्वतः एकदा नजर फिरवतो, ती त्याची तपासणी. पण गुण द्यायचे परीक्षकाने, आणि परीक्षकाची बेरीजही पुन्हा नियामकाने बघायची. विद्यार्थ्याने स्वतः मांडलेली बेरीज कुणी निकालात धरत नाही.

तर, एवढं सगळं झाल्यावर जे झालं त्यासाठी खरं मी लिहायला बसले.

ठेवीची मुदत निवडायची होती. आधी ५ वर्षं होती, विमलने ३ केली. दर ७ टक्के, तिमाही चक्रवाढ. खाली 'मुदतीअखेर मिळणारी रक्कम' असा चौकोन. मुदत बदलली की तो आपोआप बदलतो, पान हलतसुद्धा नाही. आम्ही बघत असताना काहीतरी एक आकडा चमकून गेला आणि मग ठरला : ७,०७,३८९.

विमलचा चेहरा उजळला. तिच्या मुलीच्या मुलाला तीन वर्षांनी इंजिनिअरिंगला घालायचंय. ती म्हणाली, "दोन लाख सुटतात गं! मी सुमीला सांगते, वरचे दोन लाख माझे, फीची काळजी करू नकोस." आणि फोन हातात घेतला.

मी म्हटलं, "थांब." मला संगणक कळत नाही, पण पाचवी-सहावीला गणिताच्या बाई रजेवर असल्या की सरळव्याज मीच शिकवायची. पाच लाखांचं ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३५,०००. तीन वर्षांचं १,०५,०००. चक्रवाढीने वर दहा हजार धरा. दोन लाख येतीलच कुठून? पाकिटाच्या पाठीवर मांडलं. तिमाहीला पावणेदोन टक्के, असे बारा वेळा. उत्तर ६,१५,७२०. मग पाच वर्षांसाठी, म्हणजे वीस वेळा गुणून पाहिलं. ७,०७,३८९! चौकोनात दिसत होतं ते पाच वर्षांचं उत्तर, आणि वर मुदत तीन वर्षं. फरक ९१,६६९ रुपयांचा.

तिसऱ्यांदा फोन. या वेळी नातू हसला नाही. "आजी, ही रिक्वेस्टची शर्यत." त्याने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

पूर्वी फॉर्ममध्ये काही विचारायचं म्हणजे बटण दाबायचं, पान पांढरं व्हायचं आणि सगळं नव्याने यायचं. म्हणजे बाईंनी वर्ग थांबवून स्वतः ऑफिसात जाऊन विचारून येण्यासारखं. मग १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये अशी सोय आली की पान तसंच ठेवून मागच्या मागे सर्व्हरला विचारता यावं. २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या रीतीला 'एजॅक्स' असं नाव दिलं आणि ती सगळीकडे झाली. म्हणजे आता बाई शिकवत राहतात आणि शिपायाबरोबर ऑफिसात चिठ्ठी धाडतात. उत्तर येईल तेव्हा येईल, वर्ग थांबत नाही. फार सोयीचं आहे, तक्रार नाही.

पण समजा मी एका शिपायाला धाडलं, "५ वर्षांचं विचारून ये." तो जातो न जातो तोच मत बदललं आणि दुसऱ्याला धाडलं, "३ वर्षांचं विचार." दुसरा चटपटीत, आधी आला. मी फळ्यावर लिहिलं ६,१५,७२०. मग पहिला रमतगमत आला, आणि मी काही न बघता आधीचं पुसून त्याचं लिहिलं, ७,०७,३८९. शिपाई दोघेही खरं बोलले. ऑफिसही चुकलं नाही. चूक माझी, की मी चिठ्ठीवर क्रमांक घातला नाही आणि उत्तर कुठल्या चिठ्ठीचं ते पाहिलं नाही.

उपाय अवघड नाहीत म्हणे. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक द्यायचा आणि शेवटच्या चिठ्ठीचंच उत्तर फळ्यावर घ्यायचं. किंवा दुसरा शिपाई धाडताना पहिल्याला परत बोलवायचं, तशी सोयही ब्राउझरमध्ये आहे. मी त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, उत्तर येईपर्यंत जुना आकडा पुसा किंवा पुसट करा, तिथे 'हिशेब चालू आहे' असं लिहा. दुसरी, आकडा एकटा सोडू नका. '५,००,००० रुपये, ३ वर्षं, ७ टक्के : ६,१५,७२०' असं एका ओळीत लिहा, आणि ही पूर्ण ओळ सर्व्हरकडूनच येऊ द्या. मग जुनं उत्तर आलंच तर त्याच्या अंगावरच '५ वर्षं' लिहिलेलं असेल आणि माझ्या बहिणीलाही ते दिसेल. गणितात उत्तराआधी 'म्हणून' आणि उत्तरानंतर एकक लिहायला आम्ही मुलांच्या मागे लागायचो ते उगीच नव्हतं.

नातू म्हणाला, "पण आजी, ठेव करताना सर्व्हर परत हिशेब करतो. पावतीवर बरोबरच आलं असतं, पैशाचं नुकसान नसतं झालं." हे खरं आहे. पण पावती दोन दिवसांनी आली, आणि फोन तिच्या हातात त्याच क्षणी होता. आई मुलीला शब्द देते तो पडद्यावरचा आकडा पाहून, पावतीची वाट बघून नाही. तीन वर्षांनी नव्वद हजार कमी पडले असते तेव्हा 'तो आकडा फक्त अंदाजासाठी होता' हे तिने कुणाला सांगायचं होतं? अशा आकड्याखाली बारीक अक्षरात 'हा केवळ अंदाज' असं लिहून मोकळं व्हायची एक पद्धत आहे. मला ती आवडत नाही. अंदाज चुकू शकतो, पण पाच वर्षांचं उत्तर तीन वर्षांखाली लिहिणं हा अंदाज नव्हे.

माझ्या काही मैत्रिणी म्हणतील, कशाला त्या भानगडीत पडता, सरळ शाखेत जावं. जावं की! पण विमलच्या गुडघ्यांना दोन जिने झेपत नाहीत, आणि तिथला माणूसही शेवटी हाच फॉर्म समोर उघडून बसतो. तेव्हा फॉर्मच नीट हवा.

त्या संस्थेला मी एक पत्र लिहिलंय, आमचं नाव, तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि 'कमल-विमल'चा प्रयोग असं सगळं क्रमवार. नातवाने वाचून एकच दुरुस्ती सुचवली, की कुठला ब्राउझर तेही लिही. उत्तर अजून आलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये मात्र त्याने त्याच रात्री 'विमल' लिहून पाहिलं. काय झालं ते तो सांगत नाहीये, यावरून काय ते समजा!

विमलची पावती आली. ३ वर्षं, ६,१५,७२०. तिने ती पाहून मग सुमीला फोन केला आणि वरचे एक लाख देते म्हणाली, पंधरा हजार हाताशी ठेवले. पावतीवर नाव इंग्रजीत आहे आणि जन्मतारीख १ जून. संस्थेकडून त्या दिवशी वाढदिवसाचा मेसेज येतो म्हणे. कोजागिरीला ती परत माझ्याकडेच येणार आहे, मसाला दुधाची वेलची आत्ताच सोलून ठेवलीय.